कपातला ब्लॅक फॉरेस्ट

घरात वाढदिवसाचा केक आला की आत्याबाई उठून देवघराच्या उंबऱ्याशी जाऊन बसायच्या. रागानं नव्हे, रुसून तर अजिबात नव्हे. "तुम्ही खावा बाळांनो, मी हितनं बघते," एवढं म्हणायच्या. त्यांच्या हातात चिवड्याची बशी आणि एक पेढा दिला की आम्हीही निश्चिंत. मी लग्न होऊन बेळगावला आले त्या वर्षापासून हे बघत आले. (आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, आमच्याकडं सासूला आत्याच म्हणायची रीत.) परवा अल्बम काढून बसले, तेव्हा लक्षात आलं की केक कापतानाच्या एकाही फोटोत त्या नाहीत. मुलं लहान, मुलं मोठी, सुना आल्या, नातवंडं आली. टेबलाभोवती सगळे आहेत. आत्याबाई तेवढ्या नाहीत.

एकदाच त्या टेबलाशी आल्या होत्या. कॅम्पाच्या बाजूला एक नवीन बेकरी निघाली होती, बाहेर मोठी पाटी: 'पूर्ण एगलेस'. मीच मोठ्या हौसेनं ब्लॅक फॉरेस्ट सांगून आले. आत्याबाईंना म्हटलं, "आत्या, ह्यात अंडं नाही, मी स्वतः विचारलंय." माझ्या शब्दावर त्यांनी बोटभर तुकडा खाल्ला. "गोड हाय की," म्हणाल्या. दोन महिन्यांनी त्याच बेकरीत काम केलेला एक मुलगा आमच्या गल्लीत भाड्यानं राहायला आला आणि बोलता बोलता सहज सांगून गेला, की तिथं भांडं एकच असायचं, आणि गर्दीच्या दिवशी घाणही एकच. मी ते घरात सांगायला नको होतं असं आमच्या ह्यांचं मत. पण त्यांच्यापासून लपवणं मला जमलं नसतं. ऐकून त्या काहीच बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी उपास धरला, बस्तीत जाऊन आल्या, आणि संध्याकाळी मलाच म्हणाल्या, "तुझी चूक न्हवं ती." ते शब्द मला अजून टोचतात.

त्यानंतर मी ठरवलं, केक घरीच करायचा. आणि तोही ब्लॅक फॉरेस्टच, कारण आमच्या पोरांना दुसरा केक माहीतच नाही. आमच्या पिढीला शेवटी शेवटी आणि आमच्या मुलांना पहिल्यापासून बेकरीतला केक म्हणजे हाच. काळा, वर पांढरं क्रीम, चॉकलेटचा कीस आणि लालभडक चेरी. पण माझी पुण्याची भाची म्हणाली, "मामी, अंडं नसलं तर तो ओरिजिनल ब्लॅक फॉरेस्ट नव्हेच. नुसता चॉकलेट केक म्हण." मला जरा राग आला. मग म्हटलं, बघूया तरी ओरिजिनल म्हणजे काय ते.

तर मैत्रिणींनो, ओरिजिनल शोधायला गेलं की मोठी गंमत होते. जर्मनीच्या नैऋत्येला श्वार्त्सवाल्ड नावाचा डोंगराळ प्रदेश आहे. श्वार्त्सवाल्ड म्हणजेच काळं अरण्य, ब्लॅक फॉरेस्ट. तिथं आंबट चेरी पिकते आणि चेरीपासून 'किर्श' नावाची दारू काढतात. केकला नाव त्या अरण्याचं. पण तो पहिल्यांदा त्या अरण्यात झाला असं कुणी खात्रीनं सांगत नाही. योझेफ केलर नावाच्या मिठाईवाल्यानं सांगितलं, की १९१५ मध्ये बाड गोडेसबर्गला आपण हा पहिल्यांदा केला. बाड गोडेसबर्ग आहे बॉनजवळ, अरण्यापासून कितीतरी लांब. दुसरा दावा ट्युबिंगेन गावच्या एर्विन हिल्डेनब्रांड यांच्या नावावर, १९३० चा. लेखी उल्लेख मिळतो तो १९३४ चा. म्हणजे आपण ज्याला जुना, परंपरेचा म्हणतो तो केक माझ्या आत्याबाईंच्या आईपेक्षा वयानं लहान!

नावाचीही एक गोष्ट सांगतात, ती मला फार आवडली. त्या अरण्यातल्या गुटाख आणि आसपासच्या दोन गावांत बायकांची एक टोपी आहे, बोलनहूट. पांढऱ्या टोपीवर लोकरीचे मोठमोठे गोंडे. लग्न न झालेल्या मुलींचे गोंडे लाल, लग्न झालेल्यांचे काळे. केकवरच्या लाल चेऱ्या म्हणजे ते लाल गोंडे, पांढरं क्रीम म्हणजे टोपी, असं काही लोक म्हणतात. खरं असो नसो, आपल्याकडच्या काळ्या पोतीची आठवण झाली. लग्न झालं की बाईच्या अंगावर काळं आलंच, मग ते बेळगाव असो की जर्मनी.

बरं, तिथल्या सरकारी नियमावलीप्रमाणं 'श्वार्त्सवेल्डर किर्शटोर्टं' हे नाव लावायचं तर त्यात किर्श दारू हवी, आणि तीसुद्धा चव स्पष्ट कळेल इतकी. वाचलं आणि मी भाचीला फोन लावला. "अगं, तुझ्या पुण्याच्या बेकरीत घालतात का दारू?" "नाही गं मामी." "मग तोही ओरिजिनल नव्हे." ती हसायला लागली. पुढचं सांगितल्यावर जास्तच हसली. आपल्या बेकरीच्या केकवरची ती 'चेरी' बहुतेक वेळा चेरी नसतेच. ती असतात करवंदं! बिया काढून, साखरेच्या पाकात मुरवून, लाल रंग देऊन. मुखवासाच्या पानात, फ्रूट केकमध्ये, आइस्क्रीमवर, सगळीकडं तीच. चंदगड, जांबोटीकडच्या बायका चैत्र-वैशाखात पानाच्या द्रोणात भरून जी काळी करवंदं विकायला आणतात, त्यांच्याच जातभाईला आपण जर्मन चेरी समजून मिटक्या मारत खात होतो. म्हणजे दारू गेली, चेरी गेली, क्रीमही बहुधा दुधाचं राहिलं नाही. वनस्पती तेलाचं फेटायचं क्रीम अमेरिकेत बफेलो गावच्या रॉबर्ट रिच यांनी १९४५ मध्ये सोयाबीनपासून काढलं, तेव्हापासून ते जगभर पसरलं आणि आपल्या बेकऱ्यांतही आलं. इतकं सगळं गेलं तरी नाव राहिलं. मग एक अंडं गेल्यानंच काय बिघडतं?

बिघडतं, हे खरं आहे. ते नंतर सांगते. आधी अंड्याचा इतिहास.

आम्ही जैन बायका समजतो, की अंड्याविना केक ही आपलीच अडचण आणि आपलीच खटपट. मीही तसंच समजत होते. पण इंग्लंडात बर्मिंगहॅमला आल्फ्रेड बर्ड नावाचा औषधं विकणारा एक रसायनज्ञ होता. त्याची बायको एलिझाबेथ. तिला अंडं सोसायचं नाही आणि यीस्टही सोसायचं नाही. बायकोला कस्टर्ड आवडायचं, म्हणून ह्या गृहस्थानं १८३७ मध्ये मक्याच्या पिठापासून बिनअंड्याचं कस्टर्ड केलं. तीच आपली कस्टर्ड पावडर. तिला पाव खाता यावा म्हणून १८४३ मध्ये बेकिंग पावडर केली. सगळ्या जगाचे केक ज्या पावडरीवर फुगतात, ती एका बाईला घरच्यांबरोबर टेबलावर बसून खाता यावं म्हणून झाली. हे वाचलं तेव्हा दुपार होती, आत्याबाई झोपल्या होत्या. मी स्वयंपाकघरात जाऊन डब्यातली कस्टर्ड पावडर काढून बघत उभी राहिले. वेडेपणाच म्हणायचा. एलिझाबेथची अडचण अंगाची होती, आत्याबाईंची व्रताची. पण उंबऱ्याशी बसणं दोघींचं सारखंच की.

पुढं दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये माणशी आठवड्याला एक अंडं रेशनवर मिळायचं. अमेरिकेत त्याच टंचाईच्या दिवसांत एक केक घरोघर झाला, 'वॅकी केक', म्हणजे येडा केक म्हणा. त्यात अंडं नाही, दूध नाही, लोणी नाही. पीठ, साखर, कोको, सोडा आणि मीठ ताटातच कालवायचं, त्यात तीन खळगे करायचे. एकात तेल, एकात व्हिनेगर, एकात व्हॅनिला, आणि वरून एक कप पाणी. आंबट आणि सोडा भेटले की फसफसून वायू सुटतो, त्यावरच तो फुगतो. आपण ढोकळ्यात लिंबू आणि सोडा घालतो तेच. कुणी व्रत म्हणून केला नाही, नाइलाजानं केला; पण टंचाई संपल्यावरही बायका तो करत राहिल्या, कारण चांगला लागत होता.

आपल्याकडं बिनअंड्याचा केक आला तो डब्यातून. गेल बॉर्डन या अमेरिकन माणसानं आटीव दुधाचं पेटंट १८५६ मध्ये घेतलं. पंजाबात मोगा इथं नेस्लेचा कारखाना १९६१ मध्ये निघाला, आणि मिल्कमेडचा डबा मध्यमवर्गाच्या फडताळात आला. वाळूच्या कढईत, कुकरची शिट्टी काढून, गोल ॲल्युमिनियमच्या ओव्हनमध्ये माझ्या आईच्या पिढीनं जे केक केले ते त्या डब्याच्या जोरावर. तरला दलाल यांचं पहिलं पुस्तक १९७४ चं, पूर्ण शाकाहारी. त्या जन्मानं पुण्याच्या. त्यांच्यामुळं परदेशी पदार्थ शाकाहारी घरात करायला लाज वाटेनाशी झाली. हे श्रेय त्यांना द्यायलाच हवं. आमच्या पाककृतींच्या वहीत अर्ध्या चिठ्ठ्या त्यांच्याच नावानं चिकटवलेल्या आहेत.

आता बिघडतं कुठं ते सांगते. माझा पहिला घरचा ब्लॅक फॉरेस्ट मधोमध खचला. दुसरा वर आला, पण आडवे तीन काप करताना मोडून त्याचा भुगा झाला. (त्या भुग्याचे लाडू वळले, पोरांनी संपवले.) अंडं केकमध्ये दोन-तीन कामं एकदम करतं. हवा धरतं, ओलावा धरतं, आणि तापल्यावर घट्ट होऊन सगळा डोलारा उभा ठेवतं. सोडा हवा देतो, दही किंवा तेल ओलावा देतं, पण डोलारा उभा ठेवणारं कुणी नाही. आठ इंचाच्या भांड्यात कडा आधी शिजतात, मधला भाग मागं राहतो, आणि खाली बसतो. त्याचे काप करायचे म्हणजे ओल्या वाळूची भिंत आडवी चिरण्यासारखं.

उत्तर कपात होतं, आणि ते दोनशे वर्षांपासून होतं.

१७९६ मध्ये अमेरिकेत अमेलिया सिमन्स नावाच्या बाईचं पाकपुस्तक निघालं. अमेरिकन बाईनं लिहून तिथंच छापलेलं ते पहिलं पाकपुस्तक समजलं जातं. मुखपृष्ठावर तिनं आपल्या नावाखाली काय लिहावं? 'एक अमेरिकन अनाथ'. लिहून घेणाऱ्यानं आपल्या मनाचं त्यात घुसडलं, अशी तिची तक्रारही होती. त्या पुस्तकात लहान कपांत भाजायच्या हलक्या केकची कृती आहे. पुढं १८२८ मध्ये फिलाडेल्फियाच्या एलायझा लेस्ली यांच्या पुस्तकात 'कप केक' हे नाव छापून आलं. पण त्यांचा अर्थ वेगळा. त्यांचा कप मापाचा. इतके कप पीठ, इतके कप काकवी, इतके कप साखर. त्याआधीच्या पुस्तकांत सगळं पौंडात, आणि तराजू प्रत्येकीच्या घरात कुठून असणार? कप सगळ्यांकडं होता.

हे वाचताना मला 'रुचिरा'ची आठवण आली नसती तरच नवल. कमलाबाई ओगल्यांनी १९७० मध्ये आपल्याला वाटी-चमच्याचं प्रमाण दिलं आणि शेर-छटाक, ग्रॅम-किलोची भीती घालवली. लग्नात आईनं माझ्या पेटीत साडीच्या घडीत घालून दिलेलं पुस्तक तेच. तिकडं कप, इकडं वाटी.

तर कपात भाजायचं. एवढ्याशा कपात कडा आणि मध्य यांत अंतरच फारसं नसतं, सगळं एकदम शिजतं, आणि चारी बाजूंनी भिंतीचा आधार मिळतो. अंड्याविना जे पीठ मोठ्या भांड्यात खचतं, तेच कपात टोपी वर करून बसतं. थर देण्याचा प्रश्नच उरत नाही. थर आत जातो. निमुळत्या सुरीनं वरून मधोमध गोल टोपण काढायचं, चमच्यानं थोडं पोखरायचं, आत चेरी आणि क्रीम जे काय असेल ते भरायचं, टोपण लावून टाकायचं. आपल्या भरल्या वांग्या-मिरच्यांना सवयलेल्या हाताला हे शिकवावं लागत नाही. आणि प्रत्येकाचा आपापला. उष्टं नाही, सुरी फिरवणं नाही.

सुरीवरून आठवलं. एका वर्षी नातवासाठी अस्वलाच्या आकाराचा केक आणायचा बेत होता, तेव्हा मात्र आत्याबाई ठाम उभ्या राहिल्या. "यशोधर राजाची कथा ठाऊक न्हाई काय गं तुला?" आपल्यापैकी पुष्कळजणींनी ती ऐकली असेल. यशोधरानं आईच्या आग्रहाखातर देवीपुढं खरा नव्हे, पिठाचा कोंबडा कापला, आणि त्यासाठी मायलेकरांना किती जन्म जनावरांच्या योनीत फिरावं लागलं. सोमदेवसूरींनी ९५९ मध्ये संस्कृतात ती लिहिली, आणि १२०९ मध्ये जन्न कवीनं कन्नडात. पोरं हसली. मी तेव्हा वरवर हसले, पण नंतर विचार करत राहिले. हजार वर्षांपूर्वीच्या माणसांनी पिठाच्या आकाराचा इतका बारीक विचार केला होता, आणि आम्ही अस्वलाचा कान कुणाला मिळणार म्हणून भांडत होतो. कपाला आकार कपाचाच. त्यावरून कुणाला उंबऱ्याशी जायची गरज नाही.

ह्या वैशाखात मी सगळं जुळवलं. आत्याबाईंच्या पिठाला मर्यादा असते: पावसाळ्यात ३ दिवस, उन्हाळ्यात ५, थंडीत ७. म्हणजे बाजारचा मैदा बाद. गहू घरी निवडून जात्यावर... जातं कुठलं आता, घरघंटीवर दळले आणि मलमलच्या फडक्यानं दोनदा चाळले. दीड वाटी ते पीठ, ३ चमचे कोको, पाऊण वाटी साखर, एक छोटा चमचा सोडा, चिमूट मीठ. व्हिनेगर आंबवलेलं असतं म्हणून लिंबाचा रस, एक मोठा चमचा. तेल ५ चमचे. पाणी गाळून, तापवून, कोमट, एक वाटीपेक्षा जरा जास्तच, कारण गव्हाचं पीठ पाणी ओढतं. व्हॅनिलाच्या बाटलीवर वाचलं तर त्यात अल्कोहोल, म्हणून ती ठेवून दिली आणि वेलची घातली. १८० वर २० मिनिटं. वाटीच्या मापानं बरोबर बारा झाले.

भरायला करवंदं. रंगवलेली नव्हे, खरी, काळी, द्रोणातली. एकेक उघडून, आत बघून, बी काढून, चीक पुसून. ह्या कामाला दीड तास गेला, खोटं कशाला बोलू. साखरेत शिजवून घट्ट केली. किर्शच्या जागी कोकमाचं सरबत: तोच गडद लाल रंग, तोच जिभेला चावा, फक्त डोकं जाग्यावर. केकच्या पोखरलेल्या पोटात आधी ते चमचाभर शिंपडलं. क्रीमच्या जागी दाट आटवलेली, थंड केलेली बासुंदी. लोणी आत्याबाईंना दोन घटकांनंतर चालत नाही, फेटलेल्या क्रीमची भानगडच नको. सगळ्यांसाठी तेच. मुलांना वेगळं आणि आत्याबाईंना वेगळं असं ह्यावेळी करायचं नव्हतं, तेवढा माझा हट्ट होता.

भाचीला फोटो पाठवला. तिनं लिहिलं, "मामी, हा ब्लॅक फॉरेस्ट नव्हे, हा चोर्ल्याचा घाट आहे." असू दे की. तिकडंही काळं अरण्यच आहे.

वाढदिवस मुद्दाम साडेचारला ठेवला, दिवस मावळायला भरपूर वेळ होता. मेणबत्ती विझवायची नाही हे आमच्याकडं आधीपासूनच आहे, निरांजन लावतो. बारा कप ताटात मांडले. आत्याबाई सवयीनं उठल्या, उंबऱ्याकडं निघाल्या. नातवानं त्यांचा हात धरला आणि म्हणाला, "आजी, ह्यातला एक तुझा आहे. मोजून केलेत." त्या माझ्याकडं बघायला लागल्या. मी काही बोलले नाही. मागच्या वेळी माझ्या शब्दावर त्यांनी खाल्लं होतं, आणि तो शब्द खोटा निघाला होता. ह्यावेळी त्यांनी दळण बघितलं होतं, चाळण बघितली होती, करवंदं तर अर्धी त्यांनीच शोधून दिली होती, कशाला ते न विचारता.

त्या खुर्चीवर बसल्या. टोपण उचलून आत बघितलं, परत लावलं. मग खाल्ला. पूर्ण खाल्ला, सावकाश. बोटं पदराला पुसत म्हणाल्या, "करवंद जरा कच्चं ऱ्हायलंय गं. पुढच्या वर्षी आणिक दोन उकळ्या दे."

फोटो सुनेनं काढलाय. त्यात आत्याबाईंचे डोळे मिटलेले आलेत, पण अल्बममध्ये तोच लावलाय.